एक विंडोज, दोन डिस्क आणि तुझी उडालेली झोप

परवा रात्री पावणेअकराला तुझा मेसेज आला. "ताई, मशीन चालू केलं की निळ्या पडद्यावर दोन विंडोज दिसतात. कुठलं दाबू? आणि हे बेकायदा तर नाही ना?" मी तेव्हा दुधाला विरजण लावत होते. लगेच उत्तर दिलं नाही, कारण हे दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतंच. म्हणून आज दुकानाचं शटर वर करायच्या आधी निवांत बसलेय. तूही बस. इंदापुरात तुझ्या केंद्रावर दाखल्यांची रांग लागायला अजून तासभर आहे, तेवढ्यात आपलं बोलून होईल.

आधी शांत हो बघू. तू चोरी केलेली नाहीस. एक काम अर्धवट राहिलंय आणि ते पुरं करायला एक रविवार पुरतो.

झालं काय ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकत असेन तर सांग. मशीन सहा वर्षांपूर्वीचं. घेतलं तेव्हाच त्यात विंडोज होतं, बिलावरही तसं लिहिलंय. गेल्या वर्षभरात ते इतकं रखडायला लागलं की सातबाऱ्याची एक प्रिंट निघेपर्यंत समोरच्या माणसाचा चहा पिऊन व्हायचा. मग हार्डवेअरवाला पोरगा आला. त्यानं नवी एसएसडी लावली, तिच्यावर विंडोज मारून दिलं आणि जुनी हार्ड डिस्क "राहू द्या मॅडम, फोटोबिटो असतील" म्हणत आत तशीच ठेवली. तिच्यावरचं जुनं विंडोजही तसंच राहिलं. म्हणून आता रोज सकाळी मशीन तुला विचारतं, आज कुठल्या घरात जाऊ?

तू दोन्ही उघडून पाहिलीस. दोन्हीकडं 'विंडोज ॲक्टिव्हेट आहे' असंच दिसलं. तरी मनात खुटखुट राहिलीच ना? ती खुटखुट बरोबर आहे गं. मशीन चालतंय, ॲक्टिव्हेट दिसतंय आणि परवानगी आहे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बायका-पुरुष सगळेच त्यांची एकत्र खिचडी करतो.

खरं सांगू का, या खिचडीत मीही चांगली दोन वर्षं होते. २००४ साली मी बारामतीत डीटीपीचं दुकान टाकलं. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. मी श्रीलिपी घेतली. तिच्याबरोबर एक लॉक यायचं, अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, सीपीयूच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे. माझ्याकडं मशीन दोन, लॉक एक. सॉफ्टवेअर दोन्हीवर टाकलेलं होतं, पण लॉक ज्या मशीनला असेल तिथंच श्रीलिपी उघडायची. लग्नसराईत एकीकडं पत्रिकेचा मजकूर चाललेला असायचा, तेवढ्यात दुसरीकडं बॅनरवाला यायचा. मग मी टेबलाखाली वाकून, हातानं चाचपत लॉक काढून तिकडं लावायचे. त्या काळात परवाना म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. तो हातात धरता यायचा. रात्री मी तो काढून डब्यात ठेवायचे, दागिन्यासारखा.

विंडोजला असं लॉक नव्हतं आणि तिथंच मी फसले. माझ्या मुख्य मशीनवर मी विंडोज एक्सपी दोनदा टाकलं. एक सी ड्राइव्हवर, हिशेब आणि पत्रव्यवहारासाठी. दुसरं डी ड्राइव्हवर, डीटीपीसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून व्हायरस आला तरी हिशेब सुरक्षित राहील. कल्पना चांगली होती. सीडी विकत घेतलेली, बिल जपून ठेवलेलं, मशीन एकच, दोन्हीकडं ॲक्टिव्हेट झालेलं. मला मनापासून वाटायचं की मी एकदम चोख आहे.

मग एका शाळेच्या छपाईच्या कामाचं कोटेशन भरायचं होतं. त्यात एक ओळ होती, 'आमच्याकडील सर्व सॉफ्टवेअर परवानाधारक आहे.' खाली सही. मी पेन उचललं आणि थांबले. एमएस-सीआयटीच्या कितीतरी मुलामुलींना मी तोवर शिकवलं होतं, आणि परवान्याचं पान आलं की "खाली जा, 'आय ॲग्री'वर क्लिक करा" एवढंच सांगत आले होते. ते पान मी स्वतः कधी वाचलंच नव्हतं. त्या रात्री वाचलं. त्यात लिहिलं होतं, एका संगणकावर एक प्रत. माझ्याकडं एका संगणकावर दोन प्रती होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डी ड्राइव्हवरचं विंडोज पुसलं आणि मगच सही केली. तू आज मला जे विचारलंस ना, ते मला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून एवढं सविस्तर सांगतेय.

एक्सपीचा जमाना गेला, तरी मूळ बोली बदललेली नाही. विंडोज १० आणि ११ च्या करारात मायक्रोसॉफ्ट कंपनी तुला एका यंत्रावर विंडोजची एक प्रत बसवायला आणि चालवायला देते, एका वेळी एका माणसानं वापरायला. हे पान तुला आत्ता बघता येईल. सर्च करायच्या पट्टीत 'विनव्हर' असं इंग्रजीत टाइप कर, छोटी चौकट उघडेल, तिच्यात परवान्याच्या अटींची लिंक असते. पान लांबलचक आहे. सगळं वाचू नकोस, सुरुवातीचा बसवण्याचा आणि वापराचा भाग वाच, तेवढा पुरे.

बघ, या अटीत डिस्कचा हिशेब कुठंच नाही. मशीनमध्ये एक डिस्क लाव नाहीतर चार लाव, कंपनीला त्याचं काही नाही. चारही डिस्कवर फोटो, पीडीएफ, गाणी खुशाल भर. मोजायची ती विंडोजची प्रत. एसएसडीवर एक आणि हार्ड डिस्कवर एक, दोन्ही चालू होण्याजोग्या, म्हणजे दोन प्रती झाल्या. मशीन एकच असलं तरी दोनच. काही पोरं म्हणतात, "मॅडम, एका वेळी एकच चालतं ना, मग काय बिघडलं?" तसं मलाही पूर्वी वाटायचं. पण करारात 'बसवणं' आणि 'चालवणं' असे दोन्ही शब्द आहेत, आणि बसवलेलं तर आपण दोनदा आहे. संगणकाच्या आत आभासी संगणक करून त्यात आणखी एक विंडोज टाकलं, तर त्यालाही कंपनी स्वतंत्र यंत्रच धरते. ती पळवाटही नाही.

मग दोन्हीकडं ॲक्टिव्हेट कसं झालं? त्याचं कारण अगदी साधं आहे. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासून डिजिटल लायसन्स सुरू झालं. तुझ्या मशीनच्या हार्डवेअरची, त्यातही मुख्यतः मदरबोर्डची, ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. त्यामुळं त्याच बोर्डावर कुठल्याही डिस्कवर त्याच आवृत्तीचं विंडोज टाकलं की सर्व्हर म्हणतो, हे मशीन आपलंच, सोडा आत. पोळीच्या डब्यात किती पोळ्या आहेत ते तो मोजत बसत नाही. म्हणूनच नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना त्या पोराला प्रॉडक्ट की टाकावी लागली नाही. विंडोज ८ पासून तर विंडोजसकट येणाऱ्या ब्रँडेड मशीनमध्ये ही की बोर्डावरच्या चिपमध्ये लिहून येते, पूर्वीसारखा मागचा स्टिकर शोधत बसावं लागत नाही.

ही सोय तुझ्या फायद्याची आहे, हे विसरू नकोस. डिस्क बदलली म्हणून नवं विंडोज घ्यावं लागत नाही. डिस्क, रॅम, डिस्प्ले कार्ड, काहीही बदल, मशीनबरोबर आलेला परवाना तुझाच राहतो. तो अडकलेला असतो मदरबोर्डाशी. बोर्ड बिघडला म्हणून बदलावा लागला तरी परवाना जात नाही. पण हौसेनं मोठा बोर्ड टाकलास, तर कंपनीच्या हिशेबी ते नवं मशीन झालं. तुझ्या मशीनला आधीपासून विंडोज होतं म्हणजे तुझा परवाना या जातीचा, ओईएम. तो त्या मशीनबरोबरच राहतो, मशीन विकलंस तर मशीनबरोबर जातो. दुकानातून वेगळा डबा किंवा कार्ड घेऊन आलेला रिटेल परवाना मात्र एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. काढून, हे लक्षात ठेव. नेला आणि मागंही ठेवला, असं नाही.

आता कायद्याची भीती. तुझ्या मेसेजमध्ये 'बेकायदा' हा शब्द होता, म्हणून तेही सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे कायद्याच्या फडताळात कादंबरी आणि विंडोज शेजारीशेजारी. त्याच्या ५२ व्या कलमात प्रोग्रॅम रीतसर घेणाऱ्याला चांगली मुभा दिलेली आहे. प्रोग्रॅम बिघडेल, हरवेल म्हणून तात्पुरत्या संरक्षणासाठी बॅकअप प्रत काढता येते. शिवाय स्वतः कायदेशीरपणे घेतलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःच्या वैयक्तिक वापरासाठी प्रत काढणं, हेही त्या कलमात बसतं. घरातल्या संगणकावर मुलांनी खटपट केली तर एवढी धास्ती घ्यायची नाही, ती म्हणूनच. पण तू दाखल्याचे, फॉर्मचे, प्रिंटचे पैसे घेतेस. ते केंद्र म्हणजे धंदा झाला. तिथं आपण करारातल्या अटीला धरूनच चालायचं.

शिक्षेचं कलम आहे ६३ बी. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. क्रॅक टाकून दहा-दहा मशीन चालवणारे आणि ज्यांच्या जुन्या डिस्कवर एक प्रत राहून गेली अशा तुझ्यासारख्या, यांना मी एका मापानं मोजत नाही. पण तू केंद्र चालवतेस, लोक तुझ्याकडं आधार, बँकेचं पासबुक, जमिनीचे कागद विश्वासानं टाकून जातात. ज्या टेबलावर दुसऱ्याचे कागद नीट होतात, त्या टेबलाचे कागद नीट हवेत, असं मला फार वाटतं.

तर करायचं काय? सोपा रस्ता हा की जुन्या डिस्कवरचं विंडोज काढून टाकायचं आणि ती डिस्क नुसत्या साठवणीला ठेवायची. पण थांब. आत्ता लगेच उठून फॉरमॅट मारू नकोस. इथं मी भाजून घेतलंय, म्हणून हा भाग दोनदा वाच.

काही वर्षांपूर्वी माझ्याही दुकानात हेच झालं. नवी एसएसडी, जुनी हार्ड डिस्क, दोन विंडोज. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला यायची होती. दिंड्यांची पत्रकं, अन्नदानाचे फलक, पाण्याच्या टँकरवर लावायचे फ्लेक्स, कामाचा नुसता रगाडा. मला वाटलं, मशीन जरा मोकळं करू. जुनी डिस्क फॉरमॅट केली. नव्या एसएसडीवरचं विंडोज छान चालत होतं, तिला धक्काही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा, आणि त्यावर एक ओळ, बूट करायला डिस्क सापडत नाही. पालखी सणसरकडं निघाली, पुढं बेलवाडीचं रिंगण झालं, ती तुमच्या इंदापूरला पोचली, तरी माझं मशीन उठलं नव्हतं. फलक मी शेजारच्या स्टुडिओत बसून केले.

कारण नंतर कळलं. एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती. अशा वेळी बऱ्याचदा विंडोज स्वतः नव्या डिस्कवर बसतं, पण मशीन सुरू करून देणाऱ्या ज्या चार फायली असतात त्या जुन्या डिस्कवरच्या छोट्या भागात ठेवतं. म्हणजे संसार नव्या घरात थाटला, पण कुलपाची किल्ली जुन्या घरातल्या खुंटीला. मी खुंटीसकट जुनं घर पाडलं.

म्हणून तू असं कर. आधी मशीन बंद कर, भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद कर, वायर काढ. सीपीयूची बाजूची पत्र्याची फळी उघड. जुन्या हार्ड डिस्कला दोन वायरी असतील, एक चपटी डेटाची आणि एक वीज देणारी. चपटी वायर हळूच काढ, ओढू नकोस, तिला बारीक पत्र्याची कळ असते ती दाबून काढ. मग मशीन चालू कर. एसएसडीवरचं विंडोज एकट्यानं उठलं, तर देवाला नमस्कार कर, मशीन बंद करून वायर परत लाव आणि पुढं जा. नाही उठलं, तरी काही बिघडलेलं नाही. मशीन बंद करून वायर परत लाव, सगळं कालच्यासारखं होईल. मग त्या पोराला बोलाव आणि सांग, "सुरुवातीच्या फायली एसएसडीवर आण." त्याला कळतं ते, अर्ध्या तासाचं काम आहे.

फॉरमॅट करण्याआधी जुन्या डिस्कवरचं काय काय हवंय ते बघून घे. डेस्कटॉपवर टाकलेलं नेहमी विसरतं, डाउनलोड्समधलं तर हमखास. फायली एसएसडीवर घे आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. आणि बाई, त्या डिस्कवर सहा वर्षांत आलेल्या लोकांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून पडलेल्या असणार. 'क्विक फॉरमॅट'नं त्या खऱ्या अर्थानं जात नाहीत, माहितगार माणूस त्या परत काढू शकतो. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लाव. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, रात्री लावून झोप. डिस्क भंगारात द्यायची असली तरी आधी हेच.

सगळं झाल्यावर दोन पर्यायांचा पडदा अजून येत असेल, तर सर्चमध्ये इंग्रजीत 'एमएसकॉन्फिग' टाइप कर, 'बूट'च्या पानावर जुन्या विंडोजची नोंद दिसेल. 'करंट' लिहिलेली नोंद सोड, दुसरी काढून टाक. बस्स.

तू खाली आणखी विचारलं होतंस की जुन्या डिस्कवरचं विंडोज अडीअडचणीला म्हणून राहू दिलं तर? तुझी काळजी कळते गं. ऐन दाखल्यांच्या दिवसांत एसएसडी गेली तर काय, हेच ना? त्यासाठी बॅकअप घे. चालू विंडोजची पूर्ण प्रतिमा एका फाइलच्या रूपात बाहेरच्या डिस्कवर काढून कपाटात ठेव. एक बॅकअप प्रत ठेवायला करारही हरकत घेत नाही आणि कायदाही. कपाटातली प्रत म्हणजे बॅकअप. मशीनमध्ये लावलेली आणि रोज सकाळी 'मला निवड' म्हणणारी म्हणजे दुसरं विंडोज. एवढा फरक लक्षात ठेवलास की निम्मे प्रश्न सुटतात.

आणि बाहेरच्या एसएसडीवर विंडोज टाकून घरी आणि केंद्रावर तीच लावायची तुझी कल्पना सोडून दे. तशी सोय कंपनीनं पूर्वी मोठ्या ऑफिसांसाठी काढली होती, 'विंडोज टू गो' नावाची. २०२० च्या आवृत्तीतून ती काढूनही टाकली. तू विंडोज नेऊ नकोस, फायली ने. दोन्हीकडच्या मशीनला आपापलं विंडोज आहेच.

खरंच दोन विंडोज हवीत अशी वेळही येते, नाही असं नाही. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर नव्या विंडोजला चालत नाही, किंवा हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर सोडवत नाही. मग दुसरा परवाना विकत घे. बिल घेऊन, जीएसटीचं पक्कं. मोबाइलवर दिसणाऱ्या तीन-चारशे रुपयांच्या 'लाइफटाइम की'च्या जाहिरातींना भुलू नकोस. मी एकदा घेतली होती. आठ-नऊ महिने चालली आणि एका सोमवारी कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट अक्षरं आली. विकणाऱ्याचा नंबर बंद. अशा कितीतरी किया मोठ्या कंपन्यांसाठी शेकडो मशीनला मिळून दिलेल्या असतात. त्या सुट्या विकायचा हक्क त्या माणसाला नसतो, मग आपल्याला तो कुठून मिळणार? आणि 'ॲक्टिव्हेटर' नावाची फाइल तर पेन ड्राइव्हमधूनसुद्धा जवळ येऊ देऊ नकोस. ती चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यावरूनच काय ते समज. तुझ्या मशीनवर लोकांचे ओटीपी येतात.

आता दुसरं मशीन घ्यायचं म्हणतेस, तेव्हा हे तपास. विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते, त्यामुळं पुण्याच्या ऑफिसांतून निघालेली मशीन आपल्याकडं स्वस्तात यायला लागलीत. घे, चांगली असतात. पण पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघड. 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलेलं असेल तर ठीक. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेनं ॲक्टिव्हेट' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तो परवाना त्या ऑफिसचा होता, मशीनबरोबर तुझ्याकडं आलेला नाही. अशा वेळी दुकानदाराला विचार की मशीनचा मूळ परवाना कुठं आहे. बोर्डात की असेल तर तिच्यावर विंडोज नव्यानं टाकून दे म्हणावं. नसेल तर परवान्याचे पैसे किमतीतून कमी कर म्हणावं. लाजू नकोस. कांदे घेताना आपण चार उलटेपालटे करतोच ना?

आणि सगळ्यात स्वस्त रस्ता मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण आधी सांगितला असता तर तू घाबरून पुढचं वाचलंच नसतंस. जुन्या डिस्कवर लिनक्स टाक. उबुंटू घे, मिंट घे, नाहीतर आपल्या सी-डॅकचं बॉस घे, मराठीसकट भारतीय भाषांचा विचार करून केलेलं. सी-डॅक म्हणजे १९८८ साली पुण्यात सुरू झालेली सरकारी संस्था, मघाच्या आयएसएमवाली, परकं काही नाही. लिनक्सचा परवानाच उलटा आहे. एका मशीनवर चार डिस्कवर टाक, शेजारणीला दे, क्लासच्या वीस मशीनवर टाक, प्रत करून वाटायचा हक्कच त्यात लिहून दिलेला आहे. माझ्या दुकानात टायपिंग शिकणाऱ्या मुलींची मशीन कितीतरी वर्षं लिनक्सवर आहेत. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, मग कुणाला आठवतही नाही. फक्त तुझं अंगठ्याचं मशीन, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सला चालतं का, ते आधी बघून घे. नाही चाललं तर केंद्राचं काम विंडोजवर ठेव आणि लिनक्स टायपिंगला, मुलाच्या अभ्यासाला. एका मशीनमध्ये एक विंडोज आणि एक लिनक्स, याला कुणाचीच हरकत नाही. मग तो निळा किंवा काळा पडदा रोज आला तरी खुशाल येऊ दे.

एक फाइल कर. जाड पुठ्ठ्याची, बाजारात मिळते ती. मशीनचं बिल, एसएसडीचं बिल, पुढं परवाना घेतलास तर त्याचं बिल आणि कीचा कागद. मागं स्टिकर असलेलं जुनं मशीन असेल तर स्टिकरचा फोटो, कारण उन्हानं आणि धुळीनं त्यावरची अक्षरं उडतात, माझी उडालीत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला मशीन जोडलेलं असेल तर ते कुठल्या ईमेलनं, तेही लिहून ठेव. त्या पोराच्या ईमेलनं जोडलेलं असेल तर आजच बदलून घे. हे मी सगळ्यांना सांगते आणि दहातल्या निम्म्याजणी जोडणाऱ्याचाच ईमेल ठेवून बसलेल्या असतात.

तू दोन पोरं, सासूबाईंचं आजारपण आणि केंद्र एकटीनं ओढतेस. त्यापुढं हे काय आहे गं? एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक दुपार. तरी एकटीनं धीर होत नसेल, तर रविवारी सकाळची निमगाव केतकीवरून येणारी एसटी धर आणि सीपीयू घेऊन बारामतीला ये. मॉनिटर आणू नकोस, माझ्याकडं आहे. बिलं आण. जेवायला इथंच. आणि तोवर जुन्या डिस्कला हात लावू नकोस.